टपावरचा पंखा

...अन् वरून म्हणे, "चार स्क्रू तं आहेत! काढले अन् लावले!" आता मले सांगा राजेहो, ज्या माणसानं उभ्या जन्मात देवळीच्या तहसील कचेरीत फायलीची नाडी सोडली अन् बांधली, घरातला बल्ब गेला तं शेजारच्या अण्णाजीले हाका मारल्या, त्या माणसानं गाडीच्या टपावर चढावं कायले? अन् तेही मे महिन्यात? आपल्या वर्ध्याच्या मे महिन्यात?

पण श्रीनिवासरावले कोण सांगणार! रिटायर झाल्यावर त्याईनं जुनी घरगाडी घेतली ना... म्हंजे चालतं घर हो! आत पलंग, शेगडी, बेसिन, अन् टपाले चौकोनी भोक पाडून त्यात पंखा, आतली गरम हवा वर फेकाले. तो पंखा नाई तं आत बसल्या बसल्या पापडावानी भाजून निघते माणूस!

अन् हौस म्हणून नाई घेतली बरं, तुम्हाले सांगतो. त्याईची बायको सुधाबाई सेवाग्रामच्या दवाखान्यात सिस्टर होत्या. अशी बाई, की त्या वॉर्डात आल्या म्हंजे पेशंटचे नातेवाईक चपला हातात घेऊन चालत. ती बाई रिटायर झाली अन्... चूप! चहा दिला तं पिये, नाई दिला तं मागे नाई. टीव्ही लावला तं तिकडं पाहे, बंद केला तरी तिकडंच पाहे! लेक वेदश्री पुण्याहून फोन करे, "आई, ये ना गं इकडे," तं ह्या म्हणे, "पाहू." बस. पाहू! श्रीनिवासरावचा जीव खालवर. "अण्णाजी, हे बाई घरात राहून राहून भिंतीत जिरून जाईन हो एखाद्या दिवशी!" म्हणून ते गाडी. कसंबसं सुधाबाईले बसवलं, निघाले, अन् पुलगाव यायच्या आत त्या पंख्यानं घर्रर्र केलं अन् जीव सोडला. सुधाबाई घामानं निथळल्या. "अहो, वापस चला. माझ्यानं नाही होत."

वापस आले. अन् बाई पुन्हा चूप.

आता समजलं, हा गडी टपावर काऊन चढला ते? अण्णाजी म्हणाले, "अहो, मिस्त्री बोलावू." तं हे म्हणे, "कायले? चार स्क्रू तं आहेत!"

चार स्क्रू! पहिला निघाला. खरंच निघाला, खोटं कायले बोलू. दुसऱ्याचे आटे गेलेले, तो गरगर फिरे पण वर येईना. तिसऱ्याचं डोकं तुटून हातात आलं, अन् चौथा तं त्या डांबरासारख्या मसाल्यात असा बुडालेला, की सापडे तं पाहिजे! टप तापलेला, बुडाखाली ओलं पोतं, ते बी वाळून गेलं, अन् खाली सारी गल्ली जमा. एक म्हणे, "हातोडा मारा." एक म्हणे, "नका मारू, रॉकेल टाका." एक म्हणे, "माया साडभावानं अस्संच केलतं..." "मंग?" "मंग गाडीच इकली."

शेवटी पोपटपान्यानं पिळून पिळून जुना पंखा उपटला. नवा ठेवून पाहते तं भोक लहान! कानस घेतली, घास घास घासलं, तोंडात पत्र्याचा कीस, हाताले फोड, अन् तरी वरून अण्णाजीले काय म्हणते? "झालंच आता, चार स्क्रू तं आहेत!"

आता इथं एक गोष्ट घडली. गाडी उभी अण्णाजीच्या गच्चीले लागून. टप अन् गच्ची एका उंचीवर. श्रीनिवासराव पंखा बसवून जेवाले खाली गेले, अन् अण्णाजीच्या रुख्मिणीबाईनं पाहिलं... सपाट जागा, कडक ऊन! नुकतं कुटलेलं तिखट त्याईनं धोतरावर पसरलं तिथं वाळाले. पंख्याच्या अगदी बाजूले!

इकडं श्रीनिवासराव सुधाबाईपुढं हात जोडून उभे. "एकदा बसून तं पाह्य. एकदाच." त्या आल्या. पलंगावर बसल्या. ह्याईनं बटन दाबलं. अन् राजेहो... लाल वायर काळीले अन् काळी लालले! पंखा फिरला उलटा! हवा वर जाणार ते खाली आली, अन् हवेसंग ते सारं तिखट... धप्प!

"मेलो! मेलो वं माय!" श्रीनिवासराव आंधळे होऊन दार धुंडते तं बेसिनवर आदळे. गल्लीभर ठसका, कुत्रं बी शिंकून पळालं. अन् त्या लाल धुरातून आवाज आला, असा खणखणीत, की बाहेरचे सारे सरळ उभे राहिले.

"डोळे चोळायचे नाहीत! हात खाली! अण्णाजी, बघता काय, पाणी आणा, स्वच्छ, बादलीभर! रुख्मिणीबाई, तुम्ही पदर सोडा तोंडातला, पंखा बंद करा! गर्दी हटवा इथून!"

सुधाबाई! सिस्टर सुधाबाई!

नवऱ्याले बाहेर काढून ओट्यावर बसवलं, मान मागं धरली, एक एक डोळा उघडून पाणी सोडलं. "हलू नका. वर बघा." अन् ते वर पाहून राह्यले... लाल तोंड, मिशीत तिखट, भुवईले पत्र्याचा कीस... तिले हसू फुटलं हो! आधी नाकातून, मंग पोटातून, मंग बादली ठेवून ओट्यावरच बसली. हा माणूस रडून राह्यला, मिरचीनं का कायनं देव जाणे, अन् म्हणते, "हस बापा, हस, अजून एक किलो मागवतो!"

वायरी बदलल्या. दुसऱ्या दिवशी दोघं चिखलदऱ्याले गेले, पंखा झ्याक चालला. आले ते बाई उन्हानं काळ्या पडून, बोलत बोलत उतरल्या.

अन् मंग? मंग त्याईनं मोहिनी सिस्टरले फोन केला. वॉर्डातली जुनी मैत्रीण, गाडी हाकण्यात पटाईत. अजून एक-दोघी जमल्या, अन् निघाल्या साऱ्या त्याच घरगाडीनं पुण्याले, वेदश्रीकडं! श्रीनिवासराव फाटकाशी बॅग घेऊन उभे. "अन् मी?" तं म्हणे, "अहो, झोपायला जागा कुठे आहे?"

काल अण्णाजीनं इचारलं, "काय हो, बाईचा फोन?"

"आलता. मजेत आहे. म्हणे, बेसिनचा नळ गळून राह्यला, वापस आल्यावर पाहून घेजा."

"मंग तुम्ही काय म्हटलं?"

"काय म्हणतो! कोणता पाना लागते ते इचारलं."