उजेड बघायला उभा केलेला माणूस

नाही म्हटलं ना एकदा. ते कार्ड आमच्याकडे नाही, कधी नव्हतं, आणि असतं तरी विकलं नसतं. तुम्ही आपलं दुसरं काही बघा. भिंतीचीच कार्डं हवीत ना? डावीकडच्या खोक्यात आहेत की — भिंत म्हणायचे त्यांना, एवढे मोठे गोलकीपर होते ते, चेंडू परत यायचा म्हणून भिंत — त्यांचं उडी मारतानाचं आहे, चषक डोक्यावर घेतलेलं आहे, रडतानाचंसुद्धा आहे. फक्त ते चुकीच्या फोटोचं नाही. नाव भिंतीचं आणि चेहरा भलत्याचाच, ते. हल्ली जो येतो त्याला तेवढंच हवं. आणि एक सांगून ठेवते भाऊ, आमचे हे गुडघ्याच्या व्यायामाला गेलेत, येतीलच एवढ्यात, त्यांच्यासमोर त्या कार्डाचा शब्द काढायचा नाही. काय विचारायचं ते मला विचारा, आणि ते यायच्या आत विचारून मोकळे व्हा.

आणि ते पांढरे हातमोजे काढा आधी. काढा हो, काही होत नाही. कार्ड बघायला आलात की ऑपरेशन करायला? मला हसू येतं तुम्हा लोकांचं. अहो, ही खेळाडूंच्या फोटोंची कार्डं मुलांची होती — चड्डीच्या मागच्या खिशात बसून बसून कोपरे गोल झालेली, रबर लावून गठ्ठा केलेली, मधल्या कार्डाला रबराचा वळ. दुकानाच्या पायरीवर फेकून खेळायची मुलं, ज्याचं कार्ड पायरीला चिकटून पडलं त्याने सगळी उचलायची. भांडायची, चावायचीसुद्धा. कुणाला खेळाडू आवडायचा म्हणून कार्ड हवं असायचं — एवढं साधं होतं सगळं. मग काय झालं? मग टाय लावलेले लोक आले. हातात किमतींचं पुस्तक, बोट ठेवून वाचायचे, आणि मुलं त्यांच्या कोपराखालून बघायची. घरोघरी बायकांनी ट्रंका रिकाम्या करून त्यात कार्डं भरली, पोरांच्या शिक्षणाला होतील म्हणून. सगळ्यांनी सगळं जपलं, मग कशाची टंचाई होणार? कशाचीच नाही. रद्दीवाल्यानेही घेतली नसती. ती काही वर्षं आम्ही शिट्ट्या, लेस आणि पंपाच्या सुया विकून काढली.

आता तर काय, फोन आला. आता कार्ड हातात धरायचंच नाही. कंपनीकडे पाठवायचं, तिथे कुणीतरी भिंगाखाली ठेवून दहापैकी मार्क देणार, आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवणार — वर चिठ्ठी. लोक चिठ्ठी विकत घेतात हो, आत कोण आहे कोण बघतंय? परवा एक जण आला, नऊ मार्कांचं कार्ड घेऊन गेला, मी विचारलं, हा खेळायचा कुठे, पुढे की मागे? म्हणाला, ते बघायला लागेल. दुसरा एक आहे, तो कार्डांची बंद पाकिटं फोडतो. धंदा काय, तर पाकिटं फोडतो. पैसे लोकांनी द्यायचे, पाकीट ह्याने फोडायचं, आणि हजारो माणसं आपापल्या घरी बसून फोनवर ते बघणार. आणि तो कार्डाचा नवा प्रकार, जर्सीचा तुकडा चिकटवलेला — एखादा जन्मभर एका जर्सीसाठी झिजतो, आणि हे कात्री घेऊन तिचे पोस्टाच्या तिकिटाएवढे तुकडे करतात. का? एकीचे पाचशे होतात म्हणून. कसायालासुद्धा एवढा हिशेब जमत नाही. तुम्ही असले तुकडे घेता? घेता. मला वाटलंच. तोंडावरून कळतं.

एक बाई आल्या होत्या, भावाची जर्सी घेऊन. अंतिम सामन्यातली. धुतलेली, नीळ दिलेली, कडक इस्त्री केलेली. एवढ्या कौतुकाने घडी उलगडली त्यांनी. आणि त्या दिवशी तुमच्यासारखाच एक साहेब इथे बसला होता, तो डोक्याला हात लावून म्हणाला, चिखल कुठे गेला? चिखलालाच किंमत होती म्हणे. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, घाणेरडी जर्सी लोकांना कशी दाखवायची? काय चूक बोलल्या? काहीच नाही. मी त्यांना चहा पाजला आणि त्या साहेबाला बाहेर काढला. हे आतून म्हणाले, गिऱ्हाइकांना असं हाकललंस तर खायचं काय — ह्यांचं नेहमीचंच. ह्यांना कुणाला दुखवायला नको.

आणि आता नवीन खूळ, चुका. पूर्वी चुकीचं छापलेलं कार्ड निघालं की मुलं फेकून द्यायची. आता चुकीलाच मान. नाव उलटं छापलंय, द्या. डाव्या पायाचा उजवा झालाय, द्या. बरोबर छापणाऱ्याने काय घोडं मारलंय? आणि त्या भिंतीच्या कार्डाला तर — हो, दिसतंय, तुमच्या फोनमध्ये दिसतंय मला. चष्मा आहे डोळ्यावर. हेच ते. बरं मग? कोण आहे म्हणजे? मला काय ठाऊक? असेल कोणीतरी. चिठ्ठीवर काय लिहितात म्हणालात? 'छायाचित्रातील व्यक्ती अनोळखी'?

अनोळखी? कुणाला अनोळखी? अनोळखी म्हणे. त्या कंपनीतल्या माणसाच्या आत्याला विचारून छापतात का हे? — नाही, म्हणजे कुणाच्या तरी ओळखीचा असेलच ना, असं म्हणते मी. त्याला काही आईबाप नसतील? घर नसेल? त्याला कुणी जेवायला वाढत नसेल? माणूस आहे म्हटल्यावर कुणाचा तरी असणारच. तुम्ही पुढे बघा. ही डबी बघा, शिट्ट्यांची.

आता काय राहिलं? त्यात आणखी दोष? कसला दोष? नजर कॅमेऱ्याकडे नाही. बावळटासारखा भलतीकडेच बघतोय. असं लिहिलंय कुणी? जाणकारांनी. वा. थांबा तुम्ही. थांबाच. असल्या पुसट फोटोवरून बोलतात काय, फोनवर ते तोंड हरभऱ्याएवढंही दिसत नाही नीट — थांबा, माझं चष्म्याचं घर कुठेय — हे घ्या. हे आतलं चष्मा पुसायचं कापड उचलते. हं. आता बघा. हातात घ्या, मोजे न घालता. वाकलंय, हो, चष्म्याच्या घरात राहून वाकणारच, मीही वाकलेय. बावळट दिसतोय का? सांगा. भलतीकडे बघतोय?

माझ्याकडे बघतोय तो. मी तिथे उभी होते, डाव्या बाजूला, थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून. स्टुडिओत होते मी कामाला. आमचे मालक संघाचे फोटो काढायला जायचे आणि मी तक्ता धरायचे, चेहऱ्यावरची सावली जावी म्हणून. भिंतीची दाढ सुजली होती त्या दिवशी, ते आत बसले होते गालाला रुमाल बांधून. मालक म्हणाले, ते येईपर्यंत कुणाला तरी उभा करा त्यांच्या जर्सीत, उजेड बघून घेतो. कुणाला उभा करणार? राखीव कीपरला. तो नाहीतरी उभाच असायचा. तर हा आला जर्सी घालून — एक नंबर, पहिल्यांदाच अंगात — आणि तक्ता माझ्यापेक्षा मोठा, वारा सुटलेला, मी तक्त्याबरोबर गरागरा फिरतेय. हा हसला. मालकांनी बटण दाबलं. झालं. भिंत नंतर आले, त्यांचे पण काढले, पण गाल असा फुगलेला आणि डोळे असे, की कार्डाच्या छापखान्यातल्या माणसाने सगळे बाजूला टाकले. त्याने काय बघितलं? एक नंबर बघितला आणि बरा फोटो बघितला. त्याला फुटबॉलमधलं चेंडू गोल असतो एवढंच माहीत.

तुम्हाला वाटत असेल, गंमत. आम्हालाही वाटली, दोन दिवस. मी तर लग्नात ते कार्ड वाटणार होते लोकांना — हो, म्हणजे आमच्या लग्नात — आता ते तुम्हाला कळलंच असेल, तुम्ही काही दुधखुळे नाही. पण संघातल्या पोरांना चघळायला मिळालं. हा खोलीत शिरला की एक जण दिवा बंद करणार आणि सगळे ओरडणार, आला, उजेड पाडायला आला. उजेड. नावच पडलं ते. बाकावर बसला तरी प्रेक्षकांतून, काय उजेड पाडलास रे. एक सामना नाही मिळाला हो, एकसुद्धा नाही. भिंत कधी आजारीच पडले नाहीत — दाढ सोडून. आणि जे एकुलतं एक कार्ड निघालं त्याच्यावर नाव त्यांचं.

मग काय केलं ह्यांनी? गोळा करायला लागले. शाळांच्या दारात उभे राहायचे, मुलांना भिंतीची दोन खरी कार्डं द्यायची आणि हे एक घ्यायचं. रद्दीवाले, पानवाले, कुणाकुणाला सांगून ठेवलेलं. आणायचे आणि स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून फाडायचे, बारीक बारीक, जेवणाआधी हात धुतात तसे नेमाने. बदल्यात द्यायला लागतात म्हणून इतर कार्डं साठली, ती ठेवायला खोके, खोके ठेवायला ही जागा — हे दुकान असं झालंय भाऊ. लोकांना वाटतं, केवढी आवड. आवड कसली, राग होता तो. आणि आता तुम्ही जाणकार लोक विचारता, हे कार्ड इतकं दुर्मीळ का? आमच्या ओट्यावर या, सांगते का ते.

मी एक ठेवलं. विचारलं नाही. ह्यांना वाटतं, पृथ्वीवर एक उरलं नाही. तुमच्या त्या फोनमधलं कुठल्या कोपऱ्यातून निघालं कोण जाणे, ते ह्यांनी बघितलेलं नाही, फोन वापरतात तो बटणांचा. आणि बघायचं नाही त्यांनी. आता म्हातारपणी कुठे गडी जरा निवांत झालाय, गुडघा सोडला तर कुरकुर नाही. त्यांच्यासमोर परत ते डबीत बंद करून, नाव भिंतीचं, खाली 'अनोळखी' — तुम्हाला देऊ? तुम्ही चार पैसे जास्त द्याल, माहितेय मला. नको ते. तुम्हाला नाव सांगितलं तरी तुम्ही काय करणार, चिठ्ठीवर बारीक अक्षरात घालणार आणि भाव वाढवणार. नाही? मग कशाला हवंय? नुसतं माहीत असावं म्हणून? असं कुणी करतं का हल्ली? राखीव कीपरांचीच जमवता तुम्ही? राखीवच का? — बरं, नका सांगू. लाल झालात की.

द्या इकडे ते. द्या, लवकर, जिना वाजतोय. अहो, आलात? आज लवकर सोडलं त्यांनी. काही नाही, गिऱ्हाईक आहे, निघालंच होतं. बसा आधी, तो पाय वर घ्या. माझ्या हातात? चष्मा. चष्म्याचं घर. अहो, सोडा ना — 

एकच ठेवलं होतं. तुम्ही सगळी फाडलीत तेव्हा मी एक शब्द बोलले का? नाही बोलले. मग एक माझं म्हणून असू दे. तुमच्याकडे तसला फोटो दुसरा कुठेय, मला सांगा. लग्नातल्या फोटोत तर तुम्ही घड्याळाकडे बघताय.

भाऊ, तुम्हाला तोंड उघडायला सांगितलं होतं मी? झालं ना आता. — अहो, ते विचारतायत, ह्यात कोण आहे म्हणून. नाही, चेष्टा नाही करत, तसा दिसत नाही तो मुलगा. खरंच विचारतोय. कधीपासून शोधतोय म्हणे. मला नाही माहीत का, मघाशी मीही विचारलं. तुम्ही नका सांगू नको असेल तर, आपण शटर ओढू — पेन? पेन कशाला हवंय? अहो, गुळगुळीत कागद आहे तो, शाई पसरेल. अहो, खोडताय काय —

भाऊ, हात मागे घ्या. मागे घ्या म्हटलं ना. लिहू दे त्यांना.

हं. आता पाठवा तुमच्या त्या कंपनीकडे, कसे मार्क देतात बघू. पेनाने नासवलंय म्हणून दारातूनच परत करतील. नाही, द्यायचं नाही ते, आता तर मुळीच नाही. लांबूनच बघा. वाचता येतंय ना नाव? वाचलंत? मग चला आता, उठा. दुकान बंद झालं.