दिवस बुडायच्या आत

...आणि ती मोबाईलमधली बाई हसत हसत म्हणते काय, ‘मैत्रिणींनो, दमून आलात ना? मग आज बघूया अगदी पंधरा मिनिटांत होणारं रात्रीचं जेवण!’ म्हटलं, वा! मी तसाच, डोक्याला हेल्मेट, गॅसपुढं हुबा. तर बाई म्हणते, ‘त्यासाठी मी काल रात्रीच छोले भिजत घातले होते.’ आता कालची रात्र कुठनं आणू मी? दुसरी बघितली, तर ती, ‘सगळ्यात आधी तीन कांदे, लसणाच्या दहा पाकळ्या...’ झालं! आमचं जैनाचं घर, कांदा न्हाई, लसूण न्हाई, बटाटा न्हाई. तिसरी शोधूस्तवर खिडकीतनं बघतोय तर ऊन भिंतीवरनं खाली सरकायलंय... आवं, दिवस काय कुणाच्या बापाची वाट बघतोय व्हय?

न्हाई, थांबा, पयल्यापासनं सांगतो. मी भूपाल. माधवनगरात ऱ्हातो, सूतगिरणीत सुपरवायझर. घरात तीन माणसं. मी, बायको गुणमाला, आणि माझी आई, तिला सगळी आक्का म्हणत्यात. गुणमाला मास्तरीण. तिची बदली झाली कवठे महांकाळला. सकाळी साडेसहाची एस्टी, घरी यायला सात. तरी चाललं व्हतं, कारण संध्याकाळचं आक्काच करायची. आणि एक दिवस आक्का पाय घसरून पडली न्हाणीत, उजवा हात मोडला, प्लॅस्टर कोपरापतूर, दीड महिना!

आता तुमी म्हणाल, त्यात काय एवढं, सातला सूनबाई येईल, करील. आवं, आक्काचा नेम हाय! पन्नास वरसं झाली, दिवस बुडला की तोंडात घास न्हाई. आणि डिसेंबरात दिवस बुडतोय कवा? पाच अठ्ठावन्नला. माझा भोंगा वाजतो पाचला. घरी पाच बारा. ऱ्हायली शेचाळीस मिनिटं. सकाळची भाकरी ठेवावी, तर संध्याकाळपतूर पत्रा हुती, आणि आक्काला दात तीन, तेबी एकमेकाला न भेटणारे!

पयल्या दिवशी त्या मोबाईलमधल्या बायांचा नाद सोडून मी मुगाची खिचडी लावली. सोप्पं, म्हटलं. पाच पंचवीसला कुकर चढवला, पयली शिट्टी झाली... आणि गॅस संपला. कसाबसा सिलेंडर बदलला, नळी बसंना, घामाघूम झालो. झाकण काढलं, तर डाळ दातात कटकट वाजायली. आणि बाहेर बघतोय तर अंधारलं. आक्का ताटापुढनं उठली. गोळी काढून ठेवलेली शुगरची, ती परत डबीत टाकली, जेवण न्हाई तर गोळी न्हाई. डावा हात एकटाच कपाळाला लावून नमस्कार केला आणि मलाच म्हणते, ‘आसूंदे रं भूपाल. मला भूकच न्हवती.’

भूक न्हवती! चार वाजल्यापासनं ताट पुसून बसलीया, आणि म्हणे भूक न्हवती! गुणमाला आली, तिनं खिचडीकडं बघितलं, आक्काकडं बघितलं, आणि कुकर परत गॅसवर चढवला. मी तवाच मनाशी धरलं, उद्यापासनं दिवस बुडायच्या आत आक्काला पोटभर वाढीन, न्हाईतर नाव बदलून ठेवीन!

दुसऱ्या दिवशी बेसनाची धिरडी केली. पाच पन्नासला ताट तयार! वर वाटीभर दही. छाती अशी पुढं आली माझी! आक्कानं ताटाकडं बघितलं, म्हणते, ‘भूपाल, डाळीचं पीठ नि दही एका ताटात?’ ...डाळ आणि दही एकत्र चालत न्हाई आमच्यात. चाळीस वरसं जैन हाय मी, पण ताटात काय कशासंगं येतंय, हे कधी बघितलंय का? पुढ्यात आलं की खाल्लं! दही उचललं. मंग नुसतं कोरडं धिरडं, त्ये तीन दातांत बसलं जाऊन. अर्धं खाल्लं बिचारीनं. दुसरं काय करायचं तर वेळ कुठाय? दिवस काय कुणाच्या बापाची वाट बघतोय व्हय?

मंग मी गेलो लालासाहेबाकडं. लालासाहेब म्हंजे आमच्या गिरणीच्या गेटवरचा वॉचमन, पण सतरा वरसं फौजेत लंगरला खाना बनवलेला गडी! मिशा अशा, आवाज असा, की गेटवरची कुत्रीबी सावधान हुत्यात. त्येला सगळं सांगितलं. त्यो म्हणतोय, ‘भूपाल, गड्या, हितंच तू चुकतोयस! शामका खाना शामको बनाना, ये गलत बात हाय. जेवण सकाळी करायचं. संध्याकाळी फक्त जाळ लावायचा!’

‘आरं, पण गरम लागतंय तिला, मऊ लागतंय.’

‘ऐक की! सकाळी करायचं म्हंजे शिजवायचं न्हाई. तयारी! बर्फात तीनशे जवानांचा खाना टायमात काढलाय म्या, एका म्हातारीचं काय घेऊन बसलाईस?’

आणि रविवारी गडी सायकलवरनं घरी हजर! आक्काला कडक सॅल्यूट ठोकला. मला बसवलं कढईपुढं. मूगडाळ-तांदूळ भाजून, हळद-मीठ-जिरं घालून, डबा भरला. ज्वारीच्या कण्या भाजल्या, डबा भरला. शेवया भाजल्या, डबा. दाण्याचं कूट, डबा. गुणमालानं वर वारांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. सोमवार खिचडी, मंगळवार ताकातली उकड, बुधवार कण्या, गुरुवार शेवयांचा उपमा, शुक्रवार दाण्याची आमटी नि आसट भात. आणि हुकूम असा, की गुणमालानं सकाळी पाण्याचं पातेलं भरून गॅसवर ठेवायचं. पाचला भोंगा झाला की मी घरी फोन लावायचा, ‘आक्का, आधण!’ आणि आक्कानं डाव्या हातानं नुसती कळ फिरवायची. मी पोचूस्तवर पाणी खळखळ उकळतंय. बोला आता!

सोमवार निभावला. मंगळवारी उकडीत गुठळ्या झाल्या, पण निभावला. आणि बुधवारी... तुमाला सांगतो, गाडी बंद पडली! अर्ध्या वाटेत! किक मारली, वीस मारल्या, शिव्या दिल्या, हात जोडले. न्हाई म्हंजे न्हाई! मंग काय, गाडी दिली लावून झाडाखाली, आणि पळत सुटलो. हे पोट घिऊन! लोक इचारत्यात, ‘काय झालं सुपरवायझर, कोण गेलं?’ म्हटलं, कोण न्हाई गेलं, दिवस चाललाय! दिवस काय कुणाच्या बापाची वाट बघतोय व्हय?

घरात शिरलो तवा पाच एकेचाळीस. आक्का गॅसपाशी हुबी. म्हणते, ‘पाणी दोनदा आटलं, दोनदा वाढवलं. तू आधी दम खा.’ दम कसला खातोय! कण्या टाकल्या, हाटल्या, झाकण. नऊ मिनिटं. परातीत पसरल्या, लग्नाच्या पत्रिकेनं वारा घातला, वर तूप, बाजूला ताक. ताट पुढ्यात, पाच त्रेपन्न!

आक्का जेवायली. मी घड्याळाकडं बघतोय, तिच्या तोंडाकडं बघतोय. डाव्या हातानं चमचा सावकाश, सावकाश... ताट चाटूनपुसून साफ. आणि मान वर न करता म्हणते, ‘आणि थोडं वाढ.’

आवं, सुताच्या तीन हजार चात्या फिरवतोय मी गिरणीत, पण ‘आणि वाढ’ असं कोण म्हणालं न्हवतं कधी. वाढलं. पाच छप्पनला शेवटचा घास. मी भिंतीला टेकून खालीच बसलो.

आता हितं थांबायला पायजे व्हतं का न्हाई? पण शुक्रवारी बस्तीतल्या, म्हंजे आमच्या जैन देवळातल्या, राजमती काकू आल्या आक्काचा मोडलेला हात बघायला. आक्का म्हणते, ‘जेवूनच जा, भूपाल करतोय.’ जेवल्या. जाताना डोळ्याला पदर लावून म्हणत्यात, ‘आमच्या घरात ल्योक-सून दोघंबी आठला येत्यात बाबा. माझाबी नेम हाय, मी केळं खाऊन निजते.’

केळं खाऊन! म्हटलं, काकू, उद्यापासनं हितंच या. त्या आल्या की! पण एकट्या न्हाई आल्या, बस्तीतल्या आणि तिघी संगं आणल्या. प्लॅस्टर निघालं आक्काचं, पर पंगत काय निघंना. रोज पावणेसहाला पाच म्हाताऱ्या वळीनं ताट पुसून बसलेल्या, आणि मी वाढतोय! एक म्हणते तिखट कमी, दुसरी म्हणते मीठ जास्त, आणि आमची आक्का बरा झालेला हात मांडीवर ठेवून सांगते, ‘शिकंल हळूहळू.’

आणि सातला गुणमाला येती. पातेली उघडून बघती, सगळी खडखडीत. परत कोण रांधणार? दोघांच्याबी अंगात जीव न्हाई. सगळ्या बस्तीला गरमागरम, ताजं, घरचं जेवण... आणि आमी दोघं नवरा-बायको? मागच्या दारात बसून, एका ताटलीत, सांगलीचं बिनलसणाचं भडंग!