डावीकडची ओढ

मेकॅनिक: म्हणजे आधी तिघांनी बघितली आणि तिघांनी तीन कारणं सांगितली.

बाई: पहिला म्हणाला, हवा कमी आहे. दुसऱ्यानं अलाइनमेंट करून दिली. तिसऱ्यानं टायरला दोष दिला आणि नवे टायर घातले. गाडी आपली डावीकडेच ओढते. आता मुलगा म्हणतो, वीस वर्षांची झाली, मोडीत घाल. मी म्हटलं, थांब, माझा एक विद्यार्थी गॅरेज चालवतो. बाकीचा वर्ग माना डोलवायचा, तेव्हा याचा हात वर असायचा.

मेकॅनिक: तुम्ही मला शंकासुर म्हणायचात. अजून तेच नाव चालू आहे, बाई. पाटीवरही तेच लिहिणार होतो.

बाई: बरं झालं नाही लिहिलंस. गिऱ्हाईक दारातूनच पळालं असतं. आता सांग, कसं बघणार आहेस?

मेकॅनिक: तुम्ही शिकवलं तसं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं.

बाई: दोन कुंड्यांवर शिकवलं होतं मी ते. एक उन्हात, एक सावलीत, पाणी दोन्हींना सारखं. तू दोन्ही पाडल्यास.

मेकॅनिक: एकच पाडली, बाई. दुसरी मॉनिटरनं पाडली आणि नाव माझं सांगितलं.

बाई: तीस वर्षांनी सांगतोयस. बरं, लवकर हात चालव. मला चार वाजता नातीच्या शाळेपाशी पोचायचंय. सून संध्याकाळी उशिरा येते, मुलगा फिरतीवर. नातीला आणायचं काम माझं. दिवसभरात तेवढाच अर्धा तास कुणाला तरी माझी गरज असते.

मेकॅनिक: आता अडीच होतायत. तुम्ही त्या खुर्चीवर बसा. मी चहा सांगतो.

*

बाई: आलास? किती वेळ लावलास रे. काय निघालं?

मेकॅनिक: आधी चारही चाकांची हवा बघितली. सारखी आहे. मग पुढची दोन चाकं अदलाबदल केली. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे.

बाई: म्हणजे खोट टायरमध्ये असेल, तर ओढ बाजू बदलेल. छान. मग बदलली का?

मेकॅनिक: गाडी सरळ गेली.

बाई: बाजू नाही बदलली, पण ओढ गेली ना? म्हणजे टायरच. तो तिसरा खरा निघाला म्हणायचा.

मेकॅनिक: मलाही तसंच वाटलं. पण तुम्ही म्हणायचात, उत्तर मिळालं की उलटं करून बघ. म्हणून चाकं परत जिथल्या तिथं लावली आणि पुन्हा चक्कर मारली.

बाई: आणि?

मेकॅनिक: तरी सरळच. गोदामामागच्या रस्त्यावर नेली होती. तो सपाट आहे, त्यामुळे उताराचा प्रश्न नाही. हात सोडून बघितलं, दोनशे पावलं गेली असेल, दोरी धरल्यासारखी. परत आल्यावर चारही चाकांना हात लावला. एखाद्या चाकाचा ब्रेक अडकत असता तर ते तापलं असतं. सगळी सारखीच कोमट.

बाई: तुला बघून शहाणी झाली असेल. काही मुलं इन्स्पेक्टर आला की बरोबर उत्तरं देतात, तशी. पण काल शाळेपाशी बघायला हवी होतीस. पोरं फाटकाबाहेर रांगेत उभी होती, आणि ही सरळ त्यांच्याकडे निघाली. पोरं शहाणी, आपणहून मागं सरली. वॉचमन उगाच ओरडला माझ्यावर.

मेकॅनिक: किती जवळ गेली होती?

बाई: मला कसं कळणार? पोरं डाव्या अंगाला होती.

मेकॅनिक: डावीकडचा आरसा कशानं फुटला? आणि दाराला तो लांब ओरखडा?

बाई: कुठला ओरखडा?

मेकॅनिक: मघाशी दाखवला नाही का मी तुम्हाला? पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत.

बाई: आमच्या फाटकाचा खांब असेल. हल्ली लोक खांबसुद्धा पुढं सरकवून बांधतात. बरं, तू चहा सांगतो म्हणालास, तो राहिलाच. विसरलास की हॉटेलवाला विसरला?

मेकॅनिक: तो आलाय, बाई.

बाई: कुठं?

मेकॅनिक: तुमच्या डाव्या हाताला, स्टुलावर. केव्हाचा. साय धरली त्याच्यावर.

बाई: अगंबाई. डोळ्यांचं काय झालंय कोण जाणे. चष्म्याचा नंबर बदलला असेल. पोरगी पण परवा रुसली होती. म्हणाली, आजी, तू गाडीत माझ्याशी बोलतच नाहीस, माझ्याकडे बघतसुद्धा नाहीस. मी म्हटलं, गाडी चालवू का तुझ्याकडे बघू?

मेकॅनिक: ती कुठं बसते?

बाई: माझ्या शेजारी. डावीकडे.

मेकॅनिक: बाई, अजून एक चाचणी राहिलीय. आता तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो, हँडब्रेकवर हात ठेवून. त्याच रिकाम्या रस्त्यावर.

*

(गाडी अगदी सावकाश चाललेली.)

बाई: गेली बघ. बघितलंस ना? मी काहीच केलं नाही. आपली आपण निघाली डावीकडे.

मेकॅनिक: बघतोय. तुम्ही थांबू नका. स्टेअरिंग धरलंय तसंच धरा, आणि डावा हात तेवढा काढून मांडीवर ठेवा.

बाई: ठेवला.

मेकॅनिक: नाही ठेवला. अजून वरच आहे.

बाई: ठेवला म्हणते ना मी.

मेकॅनिक: बाई, मी उचलून ठेवू?

बाई: उचल बाबा. शिक्षकाचा हात धरतोयस, एवढं लक्षात ठेव.

मेकॅनिक: आता एका हातानं चालवा. बघा कशी जाते.

बाई: सरळ.

मेकॅनिक: हो.

बाई: अजून सरळच आहे.

मेकॅनिक: हो, बाई. आता इथं बाजूला घ्या आणि बंद करा. स्टेअरिंग हलकं आहे हिचं. तुमच्या हाताचा सगळा भार डाव्या कडेवर लोंबत होता. भार पडला की ते डावीकडेच फिरणार.

बाई: थांब. पुढचं मला बोलू दे. हवा तीच. चाकं तीच. रस्ता तोच. तू एकच गोष्ट बदललीस.

मेकॅनिक: बाई...

बाई: आणि ती गाडीत नव्हती. पुढचं उत्तर आता विद्यार्थ्यानं द्यायचं असतं. दे. भीड धरू नकोस.

मेकॅनिक: गाडीला काही झालेलं नाही. ओढ तुमच्या डाव्या अंगाला आहे.

बाई: हं.

मेकॅनिक: ती पहिल्यांदा ओढायला लागली, त्याच्या आधी काय झालं होतं? काही पडझड?

बाई: न्हाणीघरात घसरले होते. महिना झाला असेल. डोकं नळावर आपटलं, टेंगूळ आलं, चार दिवसांत बसलं. घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी गाडीची किल्ली काढून घेतली असती.

मेकॅनिक: डोकं दुखतं?

बाई: सकाळी उठताना. म्हातारपणी काही ना काही दुखायचंच. हे बघ, तुझं म्हणणं पटलं मला. उद्या डॉक्टरांकडे जाते. आज आधी पोरीला आणते, एका हातानं चालवते, गिअर तर हिचे आपोआपच पडतात. आत्ता तूच दाखवलंस ना, सरळ जाते म्हणून.

मेकॅनिक: नाही, बाई. किल्ली आता माझ्यापाशी राहील.

बाई: काय नाही? साडेतीन वाजून गेले. ती फाटकाशी उभी राहते. मी दिसले नाही की बाकीची मुलं निघून गेली तरी हलत नाही. पहिलीतली पोर आहे.

मेकॅनिक: आणि तुम्ही गेलात तर ती तुमच्या डाव्या बाजूला बसेल. फाटकाशी रांग पण डावीकडेच असेल. काल पोरं मागं सरली. आज एखादं पोर बुटाची लेस बांधायला वाकलेलं असलं तर?

बाई: असं बोलू नकोस.

मेकॅनिक: डोळे मिटा आणि दोन्ही हात समोर धरा. तळवे वर. मी काही धरायला देतोय असं समजा. माझ्या थोरल्या भावाला डॉक्टरनं हेच करायला सांगितलं होतं. दोन्ही हात जागेवर राहिले तर किल्ली तुमची.

बाई: हे घे. मिटले डोळे. धरले हात. मी मुलांना शिक्षा करायचे तशी शिक्षा करतोयस मला.

मेकॅनिक: तसेच धरा.

बाई: धरलेत. किती वेळ?

मेकॅनिक: दोन्ही समोर आहेत?

बाई: आहेत की. अगदी एका रेषेत. आता दे किल्ली.

मेकॅनिक: डोळे उघडा, बाई.

बाई: डावा मांडीवर कसा आला?

मेकॅनिक: मी हात लावला नाही. आपला आपण खाली आला तो.

बाई: मला वाटलं, दोन्ही वर आहेत. शप्पथ सांगते, मला वर असल्यासारखेच वाटत होते.

मेकॅनिक: माहितीय मला.

बाई: तुझ्या भावाचं काय झालं?

मेकॅनिक: वेळेवर नेला. आता चालतो, फिरतो, मला शिव्या देतो. पण त्या दिवशी आम्ही उद्यावर टाकलं नाही.

बाई: मग असं कर. माझ्या पर्समध्ये फोन आहे. आधी शाळेत लाव. सांग, आजी येणार नाही, तिला फाटकाबाहेर सोडू नका, ऑफिसात बाईंपाशी बसवा. मग सुनेला लाव. तिला पडल्याचंही सांग. मी सांगायला गेले तर त्यातलं थोडं लपवीन.

मेकॅनिक: लावतो. दवाखान्यात मी नेतो तुम्हाला, माझ्या गाडीतून. इथून दहा मिनिटांवर आहे.

बाई: आणि पोरीला निरोप द्यायला सांग. म्हणावं, आजी रुसलेली नाही.

मेकॅनिक: सांगतो.

*

मेकॅनिक: झाले दोन्ही फोन. शाळेतल्या बाई म्हणाल्या, ती आमच्यापाशीच राहील, काळजी करू नका. तुमची सून निघालीय, पोरीला घेऊन सरळ दवाखान्यातच येते. आधी ओरडली माझ्यावर, मग रडली, मग तुम्हाला पाणी पाजलं का विचारलं.

बाई: चांगली आहे ती. फक्त मला कधी सांगत नाही.

मेकॅनिक: पाय बाहेर टेकलेत ना? आता उतरायचं. गॅरेजमधल्या पोरानं माझी गाडी आणून ही मागंच लावलीय. मी तुमच्या डाव्या बाजूला उभा आहे. माझा हात धरा आणि सावकाश उठा.

बाई: धरलाय की केव्हाचा.

मेकॅनिक: हो, बाई. मी धरलाय. चला.