दहा मिलिमीटर

स्मिता : पन्नास मिनिटांत? अक्का, दोन तास दिले होते ना त्यांनी?

सुनंदाबाई : दिले होते की. पण काम संपल्यावर उगीच खुर्ची कशाला अडवायची? उठले, नमस्कार केला आणि इंदिरानगरहून बस धरून इथं राजाजीनगरला आले. तुमचा क्लास सुटायच्या आत पोचायचं होतं, मिस.

स्मिता : मिस म्हणू नका हो. तुमच्या लेकीहून, अनुषाहून, चार वर्षांनी मोठी असेन फार तर.

सुनंदाबाई : जी शिकवते ती मिस. वय फक्त नोकरी देणारे विचारतात.

स्मिता : मग, विचारलं?

सुनंदाबाई : चव्वेचाळीस सांगितलं. मागच्या दोन ऑफिसांत एवढं ऐकूनच 'कळवतो' म्हणाले. या सूर्यकांत सरांनी निदान कॉम्प्युटरसमोर बसवलं. तुमच्या ओळखीमुळं.

स्मिता : ओळख कसली! गणपतीची वर्गणी मागायला गेले होते त्यांच्या ऑफिसात, तेवढीच. बरं, टेस्टला काय दिलं?

सुनंदाबाई : एक लोखंडी प्लेट. लांबट, तीन भोकांची. टेबलावरचं चालू कामच उचलून दिलं. सरांनी स्वतः पेन्सिलीनं काढलेलं होतं. म्हणाले, कॉम्प्युटरवर, ऑटोकॅडमध्ये उतरवा. उतरवलं. एक रेघ इकडची तिकडं नाही. चूकसुद्धा जशीच्या तशी.

स्मिता : एक मिनिट. चूक? कसली चूक?

सुनंदाबाई : अय्यो, ती होतीच त्यांच्या कागदात. प्लेटची लांबी लिहिलीय दोनशे चाळीस. आणि खालची मापं डावीकडून चाळीस, ऐंशी, ऐंशी, तीस. करा बेरीज.

स्मिता : चाळीस, एकशेवीस, दोनशे... दोनशे तीस. दहा कमी.

सुनंदाबाई : दहा मिलिमीटर. शेवटचं तीस चाळीस पाहिजे. एका टोकाला चाळीस सोडलेत, तर दुसऱ्याला तीस कसे? घाईत लिहिलं असणार.

स्मिता : हे तुम्हाला तिथे कळलं होतं?

सुनंदाबाई : कागद हातात घेतल्या घेतल्या.

स्मिता : आणि तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?

सुनंदाबाई : मी कशी सांगू? ड्रॉइंग त्यांचं.

स्मिता : थांबा, मला कळत नाहीये. खालच्या मापांनी काढलंत, तर ऑटोकॅड एकूण लांबी आपोआप दोनशे तीसच दाखवणार. मग दोनशे चाळीस कुठून आलं?

सुनंदाबाई : दोनशे तीसच दाखवत होतं. मग मी तो आकडा खोडून वर दोनशे चाळीस टाइप केलं. कागदावर तसंच होतं ना.

स्मिता : अक्का! हे मी शिकवलं तुम्हाला?

सुनंदाबाई : तुम्ही नाही. दुसऱ्या रांगेतला संतोषकुमार करतो. जमत नाही तिथं आकडा बदलतो.

स्मिता : त्या संतोषला मी उद्या बघते. अहो, ही सरळ फसवणूक आहे! त्यांच्याकडे फ्लॉपी थेट कटिंगवाल्याकडे जाते. मशीन आकडा वाचत नाही, रेघ वाचतं. वर दोनशे चाळीस लिहिलंय आणि लोखंड कापलं जाणार दोनशे तीस! किती प्लेटी आहेत?

सुनंदाबाई : साठ. फ्लॉपी आजच जाणार म्हणत होते.

स्मिता : देवा रे. अहो, तुम्ही एवढ्या हुशार, बाकीची मुलं तुमच्या कॉप्या करतात, आणि तुम्ही...

सुनंदाबाई : ऐक गं पोरी. मी एकवीस वर्षं ट्रेसर होते. ड्राफ्ट्समन पेन्सिलीनं काढणार, मी वर ट्रेसिंगचा कागद ठेवून शाईनं गिरवणार. नोकरीला तिसरंच वर्ष. एका गिअरच्या ड्रॉइंगमध्ये चूक दिसली, मी आपली दुरुस्त करून टाकली. बरोबर होतं माझं! तरी मेमो मिळाला. 'ट्रेसरने विचार करणे अपेक्षित नाही.' इंग्रजीत, शिक्का मारून. आमच्या तानूबाई मोठ्या ट्रेसर. त्या म्हणाल्या, सुनंदा, हात चालव, बाकी सगळं घरी ठेवून ये.

स्मिता : आणि तुम्ही ठेवलंत.

सुनंदाबाई : ठेवलं. चुका दिसत राहिल्या, मी गिरवत राहिले. एकदा एका मशीनची दोनशे झाकणं भंगारात गेली. मी पाहिलेली होती ती चूक! त्या दिवशी डबा उघडला नाही मी. फार लाज वाटली स्वतःची. पण तोंड उघडलं नाही ते नाहीच. मग कॉम्प्युटर आले, आम्हा अकरा जणींना हातात चेक देऊन घरी पाठवलं.

स्मिता : मग आता कोण मेमो देणार आहे तुम्हाला? तो फोन घ्या आणि सांगा.

सुनंदाबाई : आणि नोकरी?

स्मिता : प्लेटी चुकीच्या कापल्या गेल्या, तर मिळेल नोकरी?

सुनंदाबाई : मिस, तुम्हाला माहीत नाही. चिकपेटचे रघुजीशेठ आज उत्तर मागताहेत. लग्नसराईच्या शंभर साड्या, फॉल लावायला. वर्षभर तेच करतेय. मला आवडत नाही ते, अजिबात नाही. सुईत दोरा ओवला की रडू येतं मला. हा हात रेघ ओढायला शिकलाय. हे गेलं तर मला चौथं ऑफिस बोलावणार नाही.

स्मिता : कळतंय मला. तरी फोन करा. प्लीज.

सुनंदाबाई : सरी, बरं. तुम्ही नंबर लावा.

(स्मिता नंबर फिरवून रिसीव्हर सुनंदाबाईंच्या हातात देते, दोघी कान लावून ऐकतात.)

सूर्यकांत : हॅलो, सूर्यकांत बोलतो.

सुनंदाबाई : सर, नमस्कार. मी सुनंदाबाई. सकाळी टेस्टला...

सूर्यकांत : अरे वा! तुमचंच ड्रॉइंग पाहून राहिलो होतो मी. काय स्वच्छ काम आहे हो! माझी पोरं दिवस लावतात याला. असं करा, सोमवारी नऊला या. पगाराचं समोरासमोर बोलू न.

सुनंदाबाई : सोमवारी?

सूर्यकांत : हो न. का, जमत नाही?

स्मिता : अक्का, रिसीव्हरवर हात ठेवा. ऐका, मिळाली! आता बोलू नका काही. हो म्हणा फक्त. प्लेटीचं मी बघते, त्या कटिंगवाल्याला गाठून सांगते काहीतरी.

सुनंदाबाई : मघाशी तूच सांगा म्हणत होतीस ना?

स्मिता : मघाशी नोकरी नव्हती!

सूर्यकांत : हॅलो? आहात का?

सुनंदाबाई : आहे सर. ती फ्लॉपी पाठवू नका.

सूर्यकांत : का हो?

सुनंदाबाई : तुमचं चुकलंय.

सूर्यकांत : काय?

सुनंदाबाई : तुमच्या कागदात चुकलंय. शेवटचं तीस आहे, ते चाळीस पाहिजे. प्लेट दहानं आखूड निघणार. आणि मला ते दिसलं होतं सर. दिसूनसुद्धा मी वरचा आकडा बदलून ते झाकलं. ते माझं चुकलं.

सूर्यकांत : ...थांबा. चाळीस, ऐंशी, ऐंशी... च्यायला.

स्मिता : संपलं.

सूर्यकांत : बाई, पोरगा फ्लॉपी घेऊन जिन्यात आहे इथे. ए गुरुराज, थांब रे! वर ये! हं, बाई. सकाळी समोर बसला होता न तुम्ही माझ्या? तेव्हा तोंडाला काय झालं होतं?

सुनंदाबाई : भीती वाटली सर. एकवीस वर्षांची सवय आहे. दिसलेलं बोलायचं नाही, अशी.

सूर्यकांत : आणि आकडा झाकायची?

सुनंदाबाई : ती कॉम्प्युटरवर शिकले. पुन्हा होणार नाही.

सूर्यकांत : पुन्हा झालं तर त्याच दिवशी घरी पाठवीन. मला राग आलेला आहे, सांगून ठेवतो.

सुनंदाबाई : हो सर. येणारच.

सूर्यकांत : पाच वर्षांत मला कुणी चूक काढून दाखवली नाही. मला वाटे, मी करतच नाही. ...फोन ठेवू नका. याच कामाचे अजून तीन कागद आहेत माझ्या हातचे. तेही जायचे आहेत आज. मी मापं वाचतो, तुम्ही ऐका. आणि जे दिसेल ते बोला.

सुनंदाबाई : सगळं बोलू?

सूर्यकांत : सगळं.

सुनंदाबाई : मिस, स्वल्प, जरा एक पेन्सिल द्या. ...हं सर, वाचा.