बुरुजावरचा बस्ता

जाहिरात कुठं करावी, हे मला कुठल्या शाळेनं शिकवलं नाही. आमच्या कोरेगावच्या कापड दुकानाची जाहिरात मी थेट गडाच्या बुरुजावर रंगवली होती: 'लग्नाचा बस्ता आमच्याकडंच!' गडावर जोडपी फिरायला येतात, मग दुसरीकडं कुठं रंगवायची?

पंच्याण्णवच्या सुमारास लेक सांगलीला इतिहासाचं एम.ए. करत होती. गडांच्या जतनावरच्या प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेआधी म्हणाली, "आप्पा, तुमी यायचंच. नवा कोट घाला."

मी ऐटीत मागच्या बाकावर बसलो. पडद्यावर पहिलीच स्लाइड आली, ती माझ्याच बुरुजाची!

परीक्षक भडकले. "कोण हा महाभाग? आणि यावर तुमचा उपाय काय?"

"सर, उपाय मागं कोट घालून बसलाय," लेक म्हणाली. "रविवारी बुरूज घासणार आहे."

"घासल्याचा फोटो आणा, मगच मार्क देईन."

आता पोरीच्या मार्कांचा प्रश्न. मी उभा राहिलो. "घासतो की सर!"

रविवारभर घासला, लेकीनं फोटो काढले. पहिला वर्ग मिळाला. मग मी तिचा प्रकल्प उघडला. पहिल्याच पानावर छापलं होतं: 'वडिलांचे आभार. अडचण त्यांनीच पुरवली, उपायही तेच करणार आहेत.'

खालची तारीख बघितली, तर हे पान तिनं मला परीक्षेला बोलवायच्या आधीच छापून घेतलं होतं!