लाल खडक आणि बाबांची पांढरी पँट

हे मी कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय, म्हणून हळू बोलते. सुट्टीत आम्ही फ्रीमाँटहून युटाचे लाल खडक बघायला गेलो होतो. आईने फोनवर बघून सोपा ट्रेल निवडला होता. सावली, बसायला बाकं, जवळच रेस्टरूम.

बाबा म्हणाले, "पाठीवर सॅक घेऊन राजगड चढलेला माणूस मी! मला बाकं दाखवतेस?"

त्यांनी सगळ्यात अवघड ट्रेल निवडला आणि मला सोबत नेलं. आई डबा घेऊन खालीच थांबली.

अर्ध्या वाटेत एक तिरका खडक लागला. बाबा त्यावर पालीसारखे चिकटले. पुढे जाईनात, मागे येईनात. शेजारून एक अमेरिकन आजी काठी टेकत वर चालल्या होत्या.

"आर यू ओके?" त्यांनी विचारलं.

"येस, येस! एन्जॉइंग द व्ह्यू," बाबा म्हणाले. त्यांचं नाक खडकाला टेकलेलं होतं.

शेवटी ते बसून, घसरत खाली आले. "आईला सांगायचं, टोकापर्यंत गेलो होतो," त्यांनी मला बजावलं.

खाली पोचताच तेच सुरू झाले, "वरून काय सीन दिसतो! तू यायला हवं होतंस."

आईने त्यांच्याभोवती एक चक्कर मारली. "अहो, पँट मागूनच एवढी लाल कशी?"

"वर बसून ध्यान केलं."

"मग रेघा उभ्या कशा?"

बाबा घाईघाईने पँट झटकू लागले. आईने फोन काढला, आणि तो मागून काढलेला फोटो आता पुण्यातल्या सगळ्या...

"सई! काय चाललंय तिकडे?"

"आले बाबा! काही नाही, आम्ही फक्त व्ह्यू एन्जॉय..."