धुऱ्यावरची डहाळी

— नाई हो साहेब, एकटीच होती मी, किती येळा इचारसान? लिहा ना, वच्छलाबाईनं दोन वावरांमधला धुरा जाळला, संगं कोणी नोतं. कचरा माहा, काडी माही. सडकेच्या कडेची सरकारी रोपं जळली, तेई माह्याच इस्तवानं. होय, परवानगी नोती. म्हणजे — होती. इंद्रभानभाऊ म्हणे, पंचायतीत सांगून ठेवलं वहिनी, बिनघोर पेटवा — आता तुमी म्हणता, तथी कोणी आलंच नाई. इसरला असन बिचारा. त्याचं नाव नका लिहू! वावराचा शेजारी हाय, आमचे मालक गेले तवापासून सख्ख्या भावासारखा उभा राह्यते. त्याले काऊन गोवता?

अन् धुरा काय असा पेटवते कोणी? एकानं काडी लावाची, शेजाऱ्यानं खालच्या अंगानं, वारा जाते तिकडं, लिंबाची ओली डहाळी घेऊन उभं राहाचं — जाळ सरकला का झोडपून इझवाचा. आमचं दर उन्हाळ्यात असंच. त्या दिवशीई तो — नाई, कोणी नोतं म्हणलं ना! वारं फिरलं असन, म्हणून गेला जाळ सडकेवर.

कोणता फोटो? तक्रारीसंगं आला? पाहू. चष्मा कुठं गेला — हां. मीच हाव. वाकून राह्यली, पदर खोचेल. कोण मेल्यानं काढला — थांबा. मोठा करा थोडा. हा तर सडकेकडून काढला, खालच्या अंगानं. तथी तर — अन् हे भुईवर काय पडेल हाय? हिरवं?

डहाळी ठेवली त्यानं खाली. फोटो काढाले डहाळी खाली ठेवली! मी इकडून वरडून राह्यली, भाऊ झोडपा, भाऊ झोडपा — अन् तो म्हणे, हाव वहिनी, हाव. माय वो! मागच्या साली धुऱ्यावरची बाभूळ मांगत होता, तोडू देली नाई मी — तेवढ्यासाठी? अन् पंचनाम्याले त्यालेच पंच म्हणून आणलं तुमी? बाहेर फटफटीवर बसला हाय ना तो? त्याच्यासाठी चहाचं आधण ठेवलं मी, जास्त साखरेचं.

नाई, नाव नकाच लिहू. मघा एकटी म्हणली ते खोटं होतं साहेब. आता खरं झालं, तसंच राहू द्या. सही कुठं करू? — झाली. उठा आता. चहा नाई.